हातजाळी कोणती घ्यावी : घडीची, रबरी की गावात करून घेतलेली?

गळाला लागलेला मोठा मासा बहुतेक वेळा काठाशी, शेवटच्या हातभर पाण्यात सुटतो. पाण्यात असेपर्यंत तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, त्याचा जोर सोसतो, पण उचलायला गेलात की सगळं वजन एकदम दोऱ्यावर येतं. मग दोरा तुटतो नाही तर तोंडातून गळ निसटतो. येलदरी असो, माजलगाव असो की गावचा पाझर तलाव, हातजाळी हाताशी असली तर हे टळतं. ती एकदाच घ्यायची आणि टिकाऊ घ्यायची असेल, तर आपल्याकडे तीन प्रकार विचारात घेण्यासारखे आहेत.

दुकानात सगळे जाळी ओढून बघतात. माझ्या मते आधी सांधा बघावा, म्हणजे कडी (जाळी जिच्यावर ओवलेली असते ती गोल चौकट) दांड्याला जिथे जोडली जाते ती जागा. जाळी फाटली तर दुसरी लावता येते, सांधा मोडला की सगळंच भंगारात जातं. दीड मीटरचा दांडा आडवा धरून टोकाला पाच किलोचा कटला उचललात, तर त्याचा सगळा पीळ त्या एका जागी बसतो. म्हणून जाळी कुठलीही असो, मासा आत आला की दांडा मागे ओढत आणायचा आणि कडीला धरून उचलायचं.

ऑनलाइन सगळ्यात जास्त दिसते ती ॲल्युमिनियमची घडीची जाळी. वजनाला हलकी, दांडा लांब-आखूड होतो, मोटारसायकलला बांधून नांदेडहून विष्णुपुरीला सहज नेता येते. स्वस्त जाळ्यांमध्ये सांध्याचा ठोकळा प्लॅस्टिकचा असतो आणि तोच आधी चिरतो. घेताना ती पूर्ण उघडा, कडी एका हातात घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने दांडा हलवून बघा. सांध्यात खटखट होत असेल तर ठेवून द्या. ठोकळा धातूचा असेल आणि लॉक लावलेला सरकता दांडा जोर देऊनही घसरत नसेल, तरच पैसे मोजा. आणखी एक, ॲल्युमिनियमची कडी वाकली म्हणून सरळ केली, पुन्हा वाकली, पुन्हा सरळ केली, की त्याच जागी तडा जातो. लोखंड हे बरंच सोसतं.

रबरी जाळी महाग आणि जड. तरीही शिंगाळ्याच्या मागे जाणाऱ्याने तीच घ्यावी, असं मी ठामपणे सांगेन. शिंगाळ्याच्या दोन्ही बाजूंच्या परांना आणि पाठीवरच्या परालाही काटा असतो, आणि बाजूच्या काट्यांना आतल्या कडेने करवती दाते असतात. बारीक नायलॉनच्या जाळीत हा मासा एकदा वळला की दाते धाग्यात उलटे रुततात. ओढाल तितकं ते जास्त घट्ट होतं आणि शेवटी कात्रीने जाळी कापावी लागते. मासा हलत असतो, काटा आपल्याच हातात घुसायची भीती वेगळीच. रबराचा जाड धागा या दात्यांत अडकत नाही, आणि त्रिशूळ गळ लावलेलं नकली आमिषही त्यातून चटकन सुटतं. काठावरच्या वेड्या बाभळीच्या काट्यांतही ही जाळी कमी गुंतते. पण यात दोन जाती आहेत. एक पूर्ण रबराची, दुसरी नायलॉनवर रबराचा लेप दिलेली. लेपाची हलकी असते, पण एप्रिल-मेच्या उन्हात पडून राहिली की लेप कडक होऊन सुटायला लागतो. वापर झाला की ती सावलीतच ठेवा.

तिसरा प्रकार म्हणजे वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेली कडी, बुरुडाकडचा बांबू आणि भोयांकडून विणून घेतलेली जाळी. काठावरून कटला, रोहू, मृगळ धरणाऱ्यासाठी माझी पसंती हिलाच. कडी ५५ सेंटीमीटर व्यासाची धरली तर सुमारे पावणेदोन मीटर सळई लागते. बांधकामावरचा हिशोब इथेही चालतो : सळईची जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, वर्ग करा, १६२ ने भागा, मीटरमागे किती किलो ते निघतं. ८ मिमीच्या सळईची कडी जवळपास ६८० ग्रॅम भरते, ६ मिमीची ३८० ग्रॅम. टोकाला तीनशे ग्रॅम जास्त म्हणजे मनगटाला चांगलीच रग लागते, म्हणून ६ मिमी पुरे. कडीला वीतभर लांबीचा पाइप वेल्ड करून घ्या, दांडा त्यात बसवा. बांबू भरीव आणि पक्का हवा, कोवळ्याला भुंगा लागतो. बोल्टसाठी ड्रिलनेच छिद्र पाडा, खिळा ठोकला की बांबू उभा चिरतो. वरून जवसाच्या तेलाचे दोन हात दिले की पाणी लवकर मुरत नाही.

धरणाच्या दगडी पिचिंगवर, म्हणजे उतारावर रचलेल्या दगडांवर, जाळी घासते ती कडीवर ओवलेल्या वरच्या दोऱ्याला, आणि तिथूनच ती सुटत जाते. त्यासाठी ठिबकची जुनी १६ मिमीची नळी उभी चिरून कडीवर चढवा. दगडाशी नळी घासते, दोरा शाबूत राहतो. शेतात अशी नळी पडलेलीच असते.

जाळीच्या धाग्याबद्दल थोडं. नायलॉन पाणी पितो आणि ओला झाला की थोडा कमजोर होतो, उन्हाने तर त्याचं आयुष्य घटतंच. पॉलिस्टर पाणी जवळपास घेत नाही आणि उन्हातही जास्त तग धरतो. गाठींची विणलेली जाळी दणकट असते, पण गाठ माशाची खवलं आणि अंगावरचा बुळबुळीत थर खरवडते. पावसाळ्याच्या तोंडावर गाभोळी भरलेली मादी परत सोडणार असाल तर बिनगाठीची घ्या, नाही तर सोडलेला मासा त्या जखमांनी नंतर मरू शकतो. मरळीसाठी जाळी हातभर तरी खोल हवी. मरळ लांबट अंगाची, उसळीबाज. उथळ जाळीतून एका झटक्यात बाहेर पडते.

काठावर एकाच ठिकाणी बसणाऱ्याने करून घेतलेली घ्यावी, शिंगाळ्यावाल्याने किंवा नकली आमिष फेकणाऱ्याने रबरी, आणि रोज वेगळं पाणी गाठणाऱ्याने धातूच्या सांध्याची घडीची. लांबी मात्र तिन्हींत आपल्या पाण्यावरून ठरवा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाला गुडघाभर काळा गाळ उघडा पडतो, तिथे दोन मीटरपेक्षा आखूड दांडा कामाचा नाही. आणि बहुतेक तलावांवर मासेमारीचा ठेका एखाद्या संस्थेकडे असतो, तेव्हा गळ टाकण्याआधी तिथे विचारून घ्या.