फुकटचे की स्वस्तातले? गावात बसून वाचण्यासाठी ई-पुस्तके कुठून घ्यावीत

शेतीपंपाला रात्रीची वीज असली की वावरातल्या खोलीवर जागून काढावे लागणारे तास आणि एप्रिल-मे महिन्यांत उन्हामुळे घराबाहेर पडता न येणाऱ्या दुपारी, हा विदर्भातल्या खेड्यात वाचनाला हमखास मिळणारा वेळ आहे. त्या वेळी तालुक्याचे ग्रंथालय बंद असते, मोबाइलची रेंज धुऱ्यागणिक बदलते आणि हातात असतो तो पाच-सहा इंचांचा फोन. म्हणून ई-पुस्तक कुठून घ्यावे हे ठरवताना मी किंमत दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. ते पुस्तक लहान पडद्यावर न कंटाळता वाचता येते का आणि रेंज गेल्यावरही उघडते का, हे आधी पाहावे लागते.

या कसोटीवर सर्वांत मोठा फरक दिसतो तो स्कॅन केलेले पान आणि टाइप केलेला मजकूर यांत. इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या मराठी ग्रंथांचा जेवढा साठा फुकट आहे तेवढा अन्यत्र क्वचितच मिळेल, कारण डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या उपक्रमात स्कॅन झालेली असंख्य पुस्तके तिथे आहेत. परंतु ती पानांची छायाचित्रे आहेत. तीनशे पानांचे पुस्तक कित्येक एमबींचे होते, अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते, आणि प्रत्येक ओळीसाठी पान डावी-उजवीकडे सरकवत बसावे लागते. शोधण्याचीही एक खुबी आहे. अनेक पुस्तकांची नावे रोमन लिपीत आणि मनाला येईल त्या स्पेलिंगने नोंदवलेली असल्यामुळे देवनागरीत शोधून काही सापडले नाही म्हणून पुस्तक नाहीच, असे समजू नये. ज्याला संदर्भासाठी जुना ग्रंथ हवा आहे आणि ज्याच्याकडे लॅपटॉप किंवा मोठा टॅब आहे, त्याच्यासाठी ही खाण आहे. फोनवर कादंबरी वाचणाऱ्याने मात्र तिच्या नादी लागू नये.

मराठी विकिस्रोताचे, म्हणजे विकिपीडियाच्याच कुटुंबातल्या मुक्त ग्रंथांच्या संकेतस्थळाचे, नेमके उलट आहे. तिथली पुस्तके संख्येने कमी आहेत, पण स्वयंसेवकांनी पानोपान टाइप करून तपासलेला युनिकोड मजकूर मिळतो आणि तो ईपब या ई-पुस्तकांच्या स्वरूपात उतरवून घेता येतो. असे पुस्तक बहुधा फारच कमी जागा घेते, अक्षर हवे तेवढे वाढवले तरी ओळी आपोआप पडद्यात बसतात, आणि एकसुरी का होईना, पण फोनमधल्या यंत्राकडून ते वाचूनही घेता येते. ज्या घरातील वडीलधाऱ्यांना डोळ्यांनी वाचणे जमत नाही तिथे ही सोय लहान नाही. उतरवण्यापूर्वी पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतील पानांचे रंग पाहावेत. लाल पान अजून तपासलेले नसते, पिवळे एकदा तपासलेले असते आणि हिरवे दुसऱ्या व्यक्तीनेही पडताळलेले असते. लाल पानांचे पुस्तक घेतले तर काना-मात्रांच्या चुकांत वाचनाचा रस जातो.

या दोन्ही ठिकाणी काय मिळेल हे कायद्याने ठरते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजून ६० वर्षांनी त्याचे लेखन सर्वांसाठी खुले होते. आपल्या सावनेरला १९१९ साली ज्यांचा देह पडला त्या राम गणेश गडकऱ्यांचे साहित्य म्हणूनच केव्हाचे मुक्त आहे आणि १९५० साली गेलेल्या साने गुरुजींचे २०११ पासून. तुकडोजी महाराजांचे निर्वाण १९६८ चे असल्यामुळे त्यांच्या लेखनाची ६० वर्षे २०२८ च्या अखेरीस भरतील. याचा सरळ अर्थ असा की आजच्या शेतीवर, आजच्या गावावर लिहिणारे लेखक या फुकटच्या कपाटात सापडणार नाहीत. टेलिग्रामच्या गटांत हयात लेखकांच्या पुस्तकांच्या पीडीएफ फिरतात, पण त्या बहुतांश परवानगीवाचून केलेल्या असल्यामुळे मी त्यांना या तुलनेत धरत नाही.

नवे आणि तरीही रीतसर फुकट हवे असेल तर दोन जागा आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर मंडळाच्या अनेक प्रकाशनांच्या पीडीएफ विनामूल्य ठेवलेल्या आहेत. १९६० साली स्थापन झालेल्या या मंडळाचा भर चरित्रे, भाषांतरे, कोश आणि वैचारिक ग्रंथ यांवर राहिला आहे, त्यामुळे स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांच्या मोफत पीडीएफबरोबर या ग्रंथांचा खरा उपयोग होतो. मनोरंजनासाठी वाचणाऱ्याला मात्र निवडून घ्यावे लागते. ई साहित्य प्रतिष्ठान हे दुसरे ठिकाण. तिथे लेखक स्वखुशीने आपली पुस्तके फुकट देतात, कथा-कादंबरीपासून प्रवासवर्णनापर्यंत सर्व प्रकार सापडतात, पण दर्जा एकसारखा नाही. पहिली दहा पाने वाचून पुढे जायचे की नाही ते ठरवावे, त्यात गमावण्यासारखे काही नाही. लहान मुलांसाठी प्रथम बुक्सचे स्टोरीवीव्हर आहे. तिथल्या मराठी चित्रकथा वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या असून खुल्या परवान्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकांना त्या छापून वर्गात लावताही येतात.

विकतच्या पुस्तकांकडे यायचे तर ॲमेझॉनचे किंडल, गुगल प्ले बुक्स आणि बुकगंगा हे तीन पर्याय मराठी वाचकासमोर येतात. किंडलवर मराठी पुस्तके २०१६ च्या अखेरीपासून आहेत. तिन्हींची ॲप फोनवर चालतात आणि एकदा उतरवलेले पुस्तक रेंजशिवाय उघडते, तेव्हा आपल्या पहिल्या अटीत ते बसतात. किंडल आणि गुगल प्ले बुक्सवर विकत घेण्याआधी नमुन्याची पाने फुकट मिळतात. ती घेतल्यावाचून पैसे भरू नयेत, कारण मुक्त झालेली जुनी पुस्तके कुणी तरी पुन्हा ईपब करून किंमत लावून विकत असतो आणि तेच विकिस्रोतावर फुकट असते. महिन्याचे शुल्क भरून हवी तेवढी पुस्तके वाचण्याची किंडलची योजना महिन्याला तीन-चार पुस्तके सहज वाचून होत असतील तरच परवडते. शिवाय सोयाबीन काढणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत वाचन थांबले तरी शुल्क कापले जातच राहते.

विकत घेतलेल्या ई-पुस्तकाची मालकी हाही मुद्दा ध्यानात घ्यावा. आपण पुस्तक नव्हे, ते वाचण्याची परवानगी घेत असतो. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली आपले पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा लोकांचे पैसे परत मिळाले, पण पुस्तके गेली. किंडलनेही फेब्रुवारी २०२५ पासून विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून तारेने किंडल यंत्रात घालण्याची सोय काढून घेतली. विकिस्रोतावरचा ईपब आणि मंडळाची पीडीएफ मात्र मेमरी कार्डात कितीही वर्षे राहू शकते. त्यामुळे तालुक्याला बाजाराला गेल्यावर चांगल्या नेटवर फुकटची पंधरा-वीस पुस्तके एकदाच उतरवून घ्यावीत आणि फुकट न मिळणाऱ्या हयात लेखकांपुरतेच पैसे राखून ठेवावेत, असा माझा क्रम आहे.

तेही पैसे भरण्याआधी कागदी प्रतीची किंमत विचारावी. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ई-पुस्तकावर आहे, आणि नव्या मराठी पुस्तकांच्या बाबतीत दोन्हींच्या किमतीतला फरक कधीकधी एका चहा-नाश्त्याएवढाच निघतो. मग कागदी प्रतच घ्यावी. ती वाचून झाल्यावर शेजारी मागायला येतो, त्याच्याकडून त्याच्या मेव्हण्याकडे जाते आणि पुढच्या खरिपापर्यंत चार घरी फिरून कोपरे दुमडलेली परत येते. किंडलवरचे पुस्तक द्यायचे तर फोनच द्यावा लागतो, आणि तो रात्री पंपावर आपल्यालाच लागतो.