आधी विश्वास की आधी संशय?

समोरचा मनापासून बोलतोय असं धरून चालायचं, की खात्री पटेपर्यंत मनात पाल चुकचुकू द्यायची? मी दोन्ही करून पाहिलंय. संशय तर चांगली चार वर्षं.

एकदा तोंड पोळलेल्याला संशयच शहाणपणाचा वाटतो, आणि पैशाच्या व्यवहारात मीही लेखी घेतल्याशिवाय पुढे जात नाही. पण आपली नजर तेवढी तयार असते का? बाँड आणि डीपाउलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये खरं-खोटं ओळखण्याच्या असंख्य प्रयोगांचे निकाल एकत्र केले, तेव्हा लोक सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर निघाले. नाणं उडवलं तरी ५० हाताला लागतातच.

माझा निर्णय मात्र आकड्यांनी नाही, एका वैतागाने केला. संशय फिटतच नाही. मी आजारी असताना ऑफिसातल्या एकाने माझं अर्धं काम उरकून टाकलं. मी आभार मानले आणि त्याच रात्री जुने ईमेल उपसत बसलो, याला माझी जागा तर नको ना? तो गोड बोलला की वाटायचं, काहीतरी काढून घ्यायचंय. गप्प राहिला की वाटायचं, पोटात काहीतरी आहे. स्क्रीनशॉटचा वेगळा फोल्डर ठेवला होता, आता सांगायलाही लाज वाटते. पुढे तो नोकरी सोडून गेला. मी त्याच्याबद्दल चुकलो होतो की नाही, हे आजही मला सांगता येत नाही. विश्वास टाकून फसलो असतो तर महिनाभरात कळलं असतं. संशयातली चूक उघडी पडतच नाही.

विश्वासालाही खर्च आहे. दोनदा मी चक्क बनलोय. दोन्ही वेळा चडफडलो, पण झोप गेली नाही. १९८० च्या सुमारास राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲक्सलरॉड यांनी संगणकावर, दर फेरीत सहकार्य करायचं की दगा द्यायचा हे ठरवणाऱ्या प्रोग्रॅमच्या स्पर्धा घेतल्या, त्यांत अनातोल रापोपोर्ट यांची ‘जशास तसे’ ही साधी चाल जिंकली होती: सुरुवात सहकार्याने, मग समोरचा करेल तसं. माझं आता साधारण तसंच चालतं. अर्थात तिथे तेच खेळाडू पुन्हा पुन्हा समोर येत होते, त्यामुळे एकदाच भेटणाऱ्या माणसाशी मी अजूनही हात थोडा आखडताच ठेवतो. वसुली किंवा हिशेबतपासणी हेच तुमचं काम असेल, तर माझं फारसं मनावर घेऊ नका. बाकीच्यांनी मात्र समोरच्याचं पहिलं वाक्य खरं धरून बघायला हरकत नसावी.