ब्रॅव्हेक्टो गोळी: साताऱ्याच्या पावसात टिकते, पण एकटीच्या भरवशावर डोंगर चढू नका

साताऱ्यात कुत्र्यासाठी गोचिडांचं औषध निवडताना पहिला विचार पाण्याचा करावा लागतो. जूनपासून यवतेश्वरच्या पठारावर चिखल, कुत्रं त्यात लोळणार, उरमोडीच्या पाण्यात उडी घेणार आणि घरी आलं की शाम्पूनं आंघोळ ठरलेली. मानेवर सोडायचे थेंब कातडीवरच्या तेलातून अंगभर पसरतात. सारखी आंघोळ झाली की ते तेलच धुऊन जातं आणि लेबलवरचा महिना काही पुरा होत नाही. ब्रॅव्हेक्टो गोळीतलं फ्लुरालॅनर हे गोचीड मारणारं औषध पोटातून रक्तात जातं, त्यामुळे बाहेरून कितीही पाणी पडलं तरी फरक पडत नाही. एवढ्या एका गुणासाठी आमच्या भागात ही गोळी पहिल्या नंबरवर ठेवायला हरकत नाही.

मात्रा वजनावर ठरते आणि गोंधळ तिथेच होतो. २ ते ४.५ किलोला ११२.५ मिलिग्रॅम, १० किलोपर्यंत २५०, २० पर्यंत ५००, ४० पर्यंत १००० आणि ५६ पर्यंत १४०० मिलिग्रॅम. सडपातळ गावठी कुत्रं बहुतेक वेळा ५००च्या गोळीत बसतं, लॅब्रॅडॉरला १००० लागते. अंदाजानं वजन धरू नका. घरच्या काट्यावर कुत्र्याला उचलून उभे राहा आणि आपलं वजन वजा करा. मोठी गोळी आणून दोन लहान कुत्र्यांत अर्धी अर्धी वाटायची युक्ती सर्रास चालते. ती करू नये. गोळी तोडायची नाही, असं कंपनीच स्पष्ट सांगते, आणि तोडलेल्या गोळीत कुणाच्या वाट्याला किती औषध गेलं हे कळायला मार्ग नाही.

गोळी जेवणासोबत द्यायची. उपाशीपोटी दिली तर औषध रक्तात नीट उतरत नाही. दिल्यावर कुत्र्यानं ती खरंच चावून गिळली का, हे बघा; भाकरीत लपवलेली गोळी अंगणाच्या कोपऱ्यात सापडल्याची उदाहरणं कमी नाहीत.

गोचिडांवर असर १२ आठवडे, म्हणजे ८४ दिवस. लोक ‘तीन महिने’ लक्षात ठेवतात आणि आठवडाभर उशीर करतात. १ जूनला दिलेली गोळी २४ ऑगस्टला संपते. नेमकं तेव्हा डोंगरावर गवत गुडघाभर असतं. पुढची तारीख गोळी देतानाच मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

आता गोळीची खरी मर्यादा. ती गोचिडाला अंगावर चढण्यापासून अडवत नाही. गोचीड चिकटणार, रक्त ओढणार आणि मग मरणार. याला साधारण १२ तास लागतात. बबेसिया या गोचिडांतून येणाऱ्या रोगाचे जंतू कुत्र्याच्या अंगात उतरायला सहसा एक-दोन दिवस जातात, तिथे गोळी वेळेत पोचते. एर्लिकिया या गोचिडांतून येणाऱ्या दुसऱ्या रोगजंतूचं तसं नाही. तपकिरी गोचीड चिकटल्यापासून अवघ्या तीन तासांत एर्लिकिया देऊ शकते. म्हणून ‘गोळी दिलीय, आता गोचीड ताप येणार नाही’ असं कुणी दुकानदार म्हणाला, तर त्याचं निम्मंच ऐका.

ही फट बुजवायला गोचिडाला आधीच हुसकावणारं काहीतरी अंगावर हवं. फ्लुमेथ्रिन असलेला गळ्यातला पट्टा ते काम करतो. पट्टा आणि गोळी एकत्र चालेल का, हे आपल्या कुत्र्याच्या डॉक्टरांना विचारून घ्या. पट्टा ट्रेकच्या सकाळी बांधून उपयोग नाही, निदान दोन दिवस आधी बांधा. केसांच्या खाली, कातडीला टेकलेला आणि आत दोन बोटं जातील इतका सैल. उरलेलं टोक कापून टाका, नाहीतर शेजारचं पिल्लू ते चघळत बसतं. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिनचं कुठलंही औषध आणूच नका, मांजराच्या ते जिवावर बेततं.

फिप्रोनिल या गोचीडनाशकाचा फवारा बरेच जण वापरतात, पण अत्तरासारखा. ०.२५ टक्क्यांच्या फवाऱ्याची मात्रा किलोमागे ३ ते ६ मिली आहे. १५ किलोच्या कुत्र्याला ४५ ते ९० मिली, म्हणजे १०० मिलीची बाटली जवळजवळ एका वेळेलाच संपते. पाठीवर चार फुसफुस मारून ‘औषध चालत नाही’ म्हणणं बरोबर नाही. गोचिडांच्या शाम्पूबद्दल एवढंच की त्याचा असर आंघोळीपुरता.

डोंगरावरून उतरल्यावर गाडीत बसायच्या आधी हातानं तपासणी करावी, गोळी असो वा नसो. कानाच्या पाळीची घडी, बोटांच्या बेचक्या, काखा, जांघा, शेपटीखाली आणि पट्ट्याखाली. जरंडेश्वरच्या वाटेवर कुसळंही याच जागी घुसतात, तेव्हा बोटाला टोचलं तर आधी नीट बघा. दिवाळीच्या सुमाराला जिथे मेंढरांचे वाडे बसून गेलेत, तिथे कुत्र्याला मोकळं सोडू नका. गोचीड सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्यानं कातडीलगत धरा आणि सरळ, एका दमात ओढा. रॉकेल, तेल, जळती काडी यांतलं काही नको. डिवचलेली गोचीड पोटातलं उलट ओकते. नखानं चिरडू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका.

‘गोळी देऊनही गोचीड दिसते’ ही तक्रार सर्वात जास्त ऐकू येते. बहुतेक वेळा ती मेलेली, वाळलेली गोचीड असते, नुसती चिकटून राहिलेली. रोज नव्या जिवंत गोचिडी दिसत असतील, तर दोष डोंगराला देऊ नका, घर बघा. तपकिरी गोचीड रक्त पिऊन टम्म झाली की खाली पडते, भिंतीच्या भेगेत शिरते आणि हजारो अंडी घालते. दगडी जोतं, गोठ्याची भिंत, पोत्यांची चवड या तिच्या आवडत्या जागा. भेगा सिमेंटनं भरा, कुत्र्याचं अंथरूण गरम पाण्यात धुवा आणि घरातल्या सगळ्या कुत्र्यांना एकाच दिवशी औषध द्या. अमिट्राझ हे गोचीडनाशक भिंतीवर मारायचं असेल तर लेबलवरच्या प्रमाणातच कालवा, आणि जागा पूर्ण वाळेपर्यंत कुत्रं लांब बांधा.

फिट येणाऱ्या कुत्र्याला ही गोळी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नये. फ्लुरालॅनरच्या गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांना थरथर, तोल जाणं आणि फिट येऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, म्हणजे एफडीएनं २०१८ मध्ये दिला आहे. उलटी, जुलाब, भूक मंदावणं हे त्यापेक्षा जास्त आढळतं. आमच्या मते पहिल्यांदाच देताना नेक्सगार्डसारखी महिन्याची गोळी बरी, कारण सोसली नाही तर औषध तीन महिने अंगात राहत नाही. पिल्लांनाही महिन्याचीच सोयीची. १२ आठवड्यांत पिल्लू वजनाच्या पुढच्या गटात जाऊन बसतं.

ट्रेकनंतरचे तीन आठवडे लक्ष ठेवा, कारण एर्लिकियाची लक्षणं साधारण ८ ते २० दिवसांत दिसू लागतात. ताप १०३ फॅरेनहाइटच्या वर, खाण्याकडे पाठ, हिरड्या पांढुरक्या, पोटावर लाल ठिपके किंवा नाकातून रक्त, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या, प्लेटलेटसह. लघवी गडद लाल झाली तर बबेसियाचीही तपासणी मागा. गोळी कधी आणि किती मिलिग्रॅमची दिली हे डॉक्टरांना सांगा, आणि गोळी चालू आहे म्हणून तपासणी पुढे ढकलू देऊ नका.