मराठी मुलाखतींचं कोडिंग: एनव्हिवो, मॅक्सक्यूडीए की फुकटातलं क्वालकोडर?

फिल्डवर्क संपत आलं की पीएचडी करणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "एनव्हिवो घेऊ का?" विचारणाऱ्याकडे पंचवीस-तीस मुलाखती असतात, त्यातल्या निम्म्या अजून मोबाईलमध्येच पडून. मुलाखतींच्या कोडिंगसाठी, म्हणजे वाक्यांना त्यांच्या विषयाची नावं (कोड) लावून एका विषयाचे उतारे एकत्र काढण्यासाठी, लागणाऱ्या सॉफ्टवेअरचं हे एकच नाव गाईडकडून ऐकलेलं असतं. मग किंमत बघून धक्का बसतो आणि कुणीतरी क्रॅक व्हर्जनची लिंक पाठवतं. (ती उघडू नका. ज्या लॅपटॉपवर लोकांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी आहेत, त्यात अनोळखी एक्सई फाईल टाकणं म्हणजे कळस आहे.)

माझं मत आधीच सांगून टाकते. महागडी सॉफ्टवेअर्स ज्या सोयींच्या जोरावर विकली जातात, त्यातल्या बऱ्याच सोयी इंग्रजी मजकूर गृहीत धरून केलेल्या आहेत. मुलाखती मराठीत असतील तर त्या सोयी वजा करा आणि मग उरलेल्याची किंमत लावा. तसं केलं की एकट्याने काम करणाऱ्या बहुतेकांना क्वालकोडर पुरतं. चमू मोठा असेल आणि पैसे प्रकल्पाचे असतील तर मॅक्सक्यूडीए. एनव्हिवो घ्यायचं ते संस्थेने लायसन्स घेऊन ठेवलं असेल तर.

आधी मजकुराचं बघू

दुष्काळी तालुक्यातल्या पाणीटंचाईवर मुलाखती घेतल्या आहेत असं धरा. एनव्हिवोत सगळ्या ट्रान्स्क्रिप्ट (मुलाखतींचा लिहून काढलेला मजकूर) टाकल्या आणि कुठला शब्द किती वेळा आला ते काढलं. इंग्रजीत तिथे एक पट्टी सरकवली की एकाच धातूची सगळी रूपं एका ओळीत गोळा होतात. मराठीत होत नाहीत. एनव्हिवोच्या भाषांच्या यादीत इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, चिनी, जपानी आहेत, आपण 'इतर'मध्ये. त्यामुळे पाणी, पाण्याचा, पाण्यासाठी, पाण्यावरून हे चार वेगळे शब्द म्हणून मोजले जातात. यादीच्या डोक्यावर मात्र 'आहे', 'आणि', 'तर', 'मग' दिमाखात बसलेले. वगळायच्या शब्दांची यादी हाताने भरून ते काढता येतात, पण सामान्यरूपाचा गुंता सुटत नाही. जास्त वेळा आलेले शब्द मोठे दाखवणाऱ्या त्या रंगीबेरंगी शब्दढगाचं चित्र प्रबंधात लावायचा मोह इथेच सोडलेला बरा.

शोधायचं झालं तर 'पाणी' टाकून 'पाण्यासाठी' सापडणार नाही. 'पाण' एवढंच टाकलं तर दोन्ही सापडतात, शिवाय पाणवठाही येतो, आणि सोबत पाणंद रस्त्याची सगळी भांडणं येतात. ही चाळणी माणसालाच करावी लागते, सॉफ्टवेअर कुठलंही असो. मॅक्सक्यूडीएत शोधायच्या शब्दरूपांची यादी एकदम देता येते आणि सापडलेल्या वाक्यांना एकगठ्ठा कोड लावता येतो, एवढा फायदा खरा. क्वालकोडरमध्येही ठरावीक मजकुराला आपोआप कोड लावायची सोय आहे, फक्त ती जरा ओबडधोबड आहे.

याहून छुपी अडचण टायपिंगची. 'शेतकऱ्यांना' मधला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाईप होतो. एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि वर एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. सॉफ्टवेअरच्या लेखी ते वेगळे शब्द. दोन सहायकांनी ट्रान्स्क्रिप्ट केल्या असतील आणि एक मोबाईलवर, दुसरा लॅपटॉपवर टाईप करत असेल, तर 'शेतकऱ्या' शोधल्यावर अर्ध्या मुलाखती गप्प राहतात आणि ते तुमच्या लक्षातही येत नाही. उपाय सोपा आहे, पण तो आधी करायचा असतो: सगळ्या फाईली एकत्र करून शोधा-बदला, एकच रूप ठेवा, मगच आयात.

पीडीएफचंही तेच. ग्रामपंचायतीची इतिवृत्तं, जुने शासकीय अहवाल अनेकदा श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टमध्ये असतात. एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. रोमन अक्षरांचा कचरा दिसला तर तो मजकूर कुठल्याच सॉफ्टवेअरला वाचता येणार नाही. युनिकोडमध्ये रूपांतर करा, किंवा पान स्कॅन समजून टेसरॅक्टसारख्या ओसीआरमधून (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) काढा. त्यात मराठीची सोय आहे. युनिकोड पीडीएफमधूनही काना-मात्रा इकडेतिकडे होतात, म्हणून मुलाखती वर्डच्या फाईलमध्येच ठेवा.

विकतचे तिघे

एनव्हिवोचं मूळ ऑस्ट्रेलियात, मेलबर्नच्या ला ट्रोब विद्यापीठात. 1981 मध्ये तिथे त्याचा पूर्वज तयार व्हायला लागला आणि एनव्हिवो या नावाने ते 1999 मध्ये आलं. मॅक्सक्यूडीए आणि अ‍ॅटलास टीआय हे दोन्ही जर्मन, दोन्हींची सुरुवात 1989 च्या आसपासची. 2024 मध्ये अ‍ॅटलास टीआय हे ल्युमिव्हेरो कंपनीने घेतलं, आणि एनव्हिवोही तिचंच. म्हणजे वर्षानुवर्षांचे दोन प्रतिस्पर्धी आता एका मालकाच्या घरात आहेत. पुढे दोन्ही वेगळे राहतील की नाही हे मालक ठरवेल. पाच वर्षं चालणाऱ्या पीएचडीसाठी हा मुद्दा क्षुल्लक नाही.

कामाची पद्धत मात्र तिघांची खरंच वेगळी आहे. एका बाईंचं वाक्य घ्या: "टँकर येतो, पण कधी येणार ते फक्त सरपंचाच्या घरी माहीत असतं." एनव्हिवोत तुम्ही हे वाक्य निवडून 'माहितीवर ताबा' या कोडमध्ये ओढून टाकता आणि पुढे चालू लागता. वाक्य त्या कोडच्या डब्यात गेलं. नंतर उत्पन्न, जात, वस्ती यांनुसार तक्ता मांडून कोणत्या वस्तीतल्या बायका हे बोलल्या ते काढता येतं, आणि असे आडवे-उभे तक्ते काढण्यात एनव्हिवो पक्कं आहे.

अ‍ॅटलास टीआयमध्ये ते वाक्य आधी एक स्वतंत्र अवतरण बनतं. कोड लावा, नका लावू. आता ग्रामसेवकाच्या मुलाखतीतलं वाक्य शोधा: "टँकरचं वेळापत्रक फळ्यावर लावलेलं असतं." ही दोन अवतरणं थेट एकमेकांना जोडून त्या धाग्यावर 'विरोध' असं नातं लिहिता येतं. कथनाचं, संवादाचं, कोण कोणाला खोडून काढतंय याचं विश्लेषण करणाऱ्यांना हे फार उपयोगी पडतं. ज्यांना फक्त विषय काढून मोजदाद करायची आहे त्यांना ते डोक्याला ताप वाटेल.

मॅक्सक्यूडीएत चार चौकटी समोर उघड्या असतात: कागदपत्रं, कोड, उघडलेली मुलाखत, आणि त्या कोडखाली गोळा झालेले उतारे. शिकायला तिघांत हे सोपं. शिवाय विंडोज आणि मॅकवर तीच फाईल तशीच उघडते. एनव्हिवोची गोष्ट निराळी: विंडोजची आणि मॅकची प्रकल्प-फाईल वेगळी, मधे रूपांतर करावं लागतं. चमूत एकीकडे मॅकबुक असेल आणि संस्थेत सगळे विंडोजचे डबे, तर एवढ्या एका कारणासाठी मी मॅक्सक्यूडीएच्या बाजूला जाईन.

तिघांचेही विद्यार्थ्यांसाठी कमी दर असतात, पण मुदत असते. आणि पैसे परकीय चलनात, म्हणजे कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून ठेवा. मुदतीचा हिशोब नीट करा: कोडिंग, लेखन, गाईडच्या दुरुस्त्या, मग परीक्षकांच्या. व्हायवानंतर "तो तिसरा तक्ता पुन्हा काढा" असं सांगितलं जातं तेव्हा लायसन्स संपलेलं असतं.

डिडूस

हे ब्राउझरमधून चालतं, मूळ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांचं. महिन्याला पैसे, आणि ज्या महिन्यात वापरलं नाही त्या महिन्याचे नाहीत. तीन जिल्ह्यांत बसलेल्या चार जणींनी एकाच वेळी एकाच प्रकल्पात कोडिंग करायचं असेल तर याच्यासारखं सोपं दुसरं नाही. दोन कोडर (कोड लावणारे) किती जुळतात हे तपासायला त्यात सराव-चाचणीची सोयही आहे. स्वयंसेवी संस्थांच्या दोन-तीन महिन्यांच्या मूल्यमापनांना हे बसतं.

पण सगळा मजकूर दुसऱ्याच्या सर्व्हरवर. मे 2014 मध्ये डिडूसची यंत्रणा कोलमडली होती आणि काही संशोधकांचं काम कायमचं गेलं. त्यानंतर बरंच पाणी वाहून गेलं हे मान्य, तरी दर आठवड्याला स्वतःची प्रत उतरवून ठेवा. कौटुंबिक हिंसा, एचआयव्ही, गर्भपात अशा विषयांवरच्या मुलाखती असतील तर एथिक्स कमिटीला दिलेल्या संमतीपत्रात मजकूर कुठे साठवला जाईल याबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. "संशोधकाच्या संगणकात सुरक्षित" असं लिहून डिडूस वापरणं म्हणजे दिलेला शब्द मोडणं.

फुकटातली

टॅगेट आणि क्वालकोडर, दोन्ही मुक्तस्रोत.

टॅगेट अर्ध्या तासात येतं. मजकूर टाका, ओळ निवडा, टॅग लावा, टॅगनुसार उतारे उतरवून घ्या. संपलं. ऑडिओ-व्हिडिओ नाही, आलेख नाहीत, आणि एकदा फाईल आत गेली की तिच्यातला मजकूर दुरुस्त करता येत नाही; शुद्धलेखन आधीच आवरा. एमएच्या लघुप्रबंधाला, आठ-दहा मुलाखतींना हे उत्तम. स्वतःच्या लॅपटॉपवर चालवता येतं, म्हणजे संमतीपत्राचा प्रश्न मिटतो. उतारे उतरवताना एक्सेलचा पर्याय घ्या. सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) घेतलीत आणि डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडलीत तर देवनागरीच्या जागी भलतीच चिन्हं दिसण्याची शक्यता दाट.

क्वालकोडर हे टास्मानिया विद्यापीठातल्या एका संशोधकाने पायथनमध्ये लिहिलेलं. दिसायला रुक्ष. पहिल्यांदा उघडल्यावर माणूस बावचळतो, मॅकवर तर "अनोळखी निर्मात्याचं" म्हणून इशारा येतो आणि परवानगी द्यावी लागते. पण आत बघा: मजकूर, चित्र, ऑडिओ, व्हिडिओ सगळ्याला कोड लागतात, कोडांच्या खाली उपकोड, मेमो (स्वतःच्या नोंदी), प्रत्येक मुलाखत देणाऱ्याचं वय-गाव-व्यवसाय अशी माहिती, कोणते कोड एकत्र येतात त्याचा अहवाल, दोन कोडरच्या जुळणीचा कप्पा. मजकूर आत गेल्यावरही दुरुस्त करता येतो. कोडांना नावं सरळ देवनागरीत द्या, काही अडत नाही. एक आठवडा चिकाटीने वापरलं की हात बसतो. मदतीला फोन नंबर नाही, वाचायला विकी आहे. इंग्रजी विकी वाचायची तयारी नसलेल्या चमूवर हे लादू नये.

कुणी अजूनही आरक्यूडीए हे फुकटातलं जुनं सॉफ्टवेअर सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. ते ज्या आधारावर उभं होतं तो आर या प्रोग्रॅमिंग भाषेचा जुना पॅकेज आता सांभाळला जात नाही, आणि ते बसवण्यातच आठवडा जातो.

बाहेर पडायची वाट हा मुद्दा कुठल्याच जाहिरातीत नसतो. 2019 पासून रेफी-क्यूडीए नावाचं समान स्वरूप आहे. त्यात प्रकल्प काढला की एनव्हिवो, मॅक्सक्यूडीए, अ‍ॅटलास टीआय आणि क्वालकोडर यांच्यात मजकूर, कोड आणि कोड लावलेले उतारे इकडून तिकडे नेता येतात. आलेख, रंगकाम, काही खास दुवे वाटेत गळतात. टॅगेट फक्त कोडबुक (कोडांची यादी) देतं, पूर्ण प्रकल्प नाही. म्हणजे क्वालकोडरने सुरुवात करून नंतर संस्थेचं एनव्हिवो मिळालं तर काम वाया जात नाही. उलट दिशेनेही येता येतं, पण लायसन्स चालू असताना.

2023 पासून विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये एआयची बटणं आली आहेत: उतारा निवडा, तो कोड सुचवेल, सारांश देईल. मजकूर त्यासाठी बाहेरच्या सर्व्हरवर जातो, तेव्हा वरचा संमतीपत्राचा मुद्दा इथेही लागू. शिवाय बोलीचं काय? "औंदा टँकरच न्हाय आला, लई हाल झालं" यातला राग त्याला कळला की नाही हे तपासायला तुम्हाला मुलाखत वाचावीच लागणार. मग कोडही तुम्हीच लावा की.

एनव्हिवो आणि मॅक्सक्यूडीए दोन्ही 14 दिवस चाचणीला फुकट मिळतात, डिडूस महिनाभर. हे दिवस फिल्डवर्क चालू असताना जाळू नका. दोन ट्रान्स्क्रिप्ट तपासून पूर्ण झाल्या, त्यातले अर्धे र एकसारखे झाले, की त्या दोनच फाईली आधी क्वालकोडरमध्ये टाका आणि दहा-बारा कोड लावा. जिथे अडाल तिथे नोंद करा. मग चाचणी सुरू करून त्याच दोन फाईली, तेच कोड मॅक्सक्यूडीएत करून बघा. नोंदीतल्या अडचणी तिथे सुटल्या तर पैसे द्या.