थांबवायचं बटण विकत! देणगीवाल्या थीमचा आठ महिन्यांनंतरचा अनुभव

दोन महिने वापरून या थीमला मी चार तारे दिले होते. त्यातला एक आज परत घेतोय. संस्था छोटी, वेबसाइट सांभाळणारा मी एकटा, तोही बिनपगारी. वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरची तयार थीम, म्हणजे पानांचा आयता साचा, सोबत देणगीचा फॉर्म.

खरं तर एकच तारा द्यायला बसलो होतो. एका सकाळी मेल उघडला तर रात्रीतून देणगीच्या ११२ पावत्या! पाच मिनिटं मी हवेत. मग रकमा बघितल्या, सगळ्या किरकोळ आणि अगदी सारख्या. नावांच्या जागी नुसती वेडीवाकडी अक्षरं. चोरलेली कार्डं चालतात का, हे तपासायला चोर देणगीचे फॉर्म वापरतात. रक्कम कितीही लहान चालते, माल कुठे पोचवायचा नसतो. सगळे पैसे परत केले, गेटवेचं, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या सेवेचं, शुल्क मात्र आमच्या बोकांडी बसलं.

थीमला शिव्या घालत सेटिंग उघडलं. कॅप्चा (समोर माणूस आहे की यंत्र, हे तपासणारी चाचणी) आणि किमान रकमेची अट, दोन्ही मुळात चालू होतं. 'देणगीदाराला अडथळा नको' म्हणून पहिल्याच आठवड्यात मीच बंद केलं होतं. तेव्हा तो राग मागे. फॉर्म चांगलाच आहे: खातं उघडायला लावत नाही, दरमहा देणगीची सोय आहे, पावती आपोआप जाते.

तारा कापला तो स्लायडरसाठी.

मुखपृष्ठावर पाच फोटो, दर चार सेकंदांनी सरकतात आणि देणगीचं बटण फक्त पहिल्यावर. एका जुन्या देणगीदार काकूंचा फोन आला, "अहो, तुमचं बटण दाबायला गेलं की पळतंय." मी हसलो. मग त्यांच्यासारखंच आधी सगळं वाचलं, सावकाश बोट नेलं, आणि उघडली वार्षिक अहवालाची पीडीएफ! म्हणजे आठ महिन्यांत किती जणांनी देणगी द्यायला येऊन आमचा ताळेबंद वाचला असेल, देव जाणे.

आपोआप हलणारी गोष्ट पाच सेकंदांपेक्षा जास्त चालणार असेल, तर ती थांबवायची सोय हवी, हा नियम डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या (वेबसाइट अपंगांनाही वापरता यावी यासाठीच्या) आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत २००८ पासून आहे. सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं, थांबवायचं बटण सशुल्क आवृत्तीत मिळेल. पळवायचं फुकट, थांबवायचे पैसे! पैसे नाहीच दिले. चार फोटो उडवले, तर उरलेला एकटा फोटो दर चार सेकंदांनी स्वतःच्याच जागी सरकू लागला.

शेवटी वैतागून मुखपृष्ठाच्या फाइलमधून स्लायडर उपटून काढला. आता एक फोटो, पैसे कशाला लागतात ते सांगणारं एक वाक्य आणि खाली बटण. फोटोही वेबपी या कमी जागा घेणाऱ्या फाइल-प्रकारात लहान करून टाकला. मोबाइलवर पान भरायला सात सेकंद लागायचे, आता दोनच्या आत उघडतं. काकूंनी त्याच संध्याकाळी देणगी दिली, वर "आता हललं नाही हो" असं कळवलंही.

ताजा कलम: काल थीमचं अपडेट आलं आणि स्लायडर पुन्हा जागेवर. चाइल्ड थीम (आपले बदल वेगळे ठेवणारी जोडथीम, अपडेटमध्ये ती पुसली जात नाही) न करता मूळ फाइलीत हात घातला, ही चूक माझीच, मान्य. तरी तारे तीनच.