डुप्लिकेट चावी सीटखाली ठेवली आणि मी नाडला गेलो

नवी मोटारसायकल घेतली तेव्हा 2 चाव्या मिळाल्या आणि सोबत नंबर कोरलेला एक छोटा टॅग. दुसरी चावी अडीअडचणीला हाताशी असावी म्हणून मी ती टूलकिटच्या पिशवीत घालून सीटखाली ठेवली. सीट त्याच चावीने उघडते, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. टॅग रोजच्या चावीच्या रिंगमध्ये होता, तो चावीबरोबरच गेला.

चावी हरवली ती रात्री. सोबत आई होती, दमलेली. फोन करून चावीवाला बोलावला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, “दुसरी चावी कुठे आहे?” मी सांगितलं, सीटखाली. खरं तर काम तिथेच संपायला हवं होतं. तो म्हणाला, “सीटला हात लावला तर केबल तुटेल साहेब. आधी इग्निशन लॉक बदलू. आणि ही गाडी चिपवाली आहे, चावीतली चिप ओळखली तरच सुरू होते. प्रोग्रामिंगचे पैसे वेगळे.” आईकडे बघून मी हो म्हटलं.

त्याने सरळ ड्रिल लावलं. धातूचा चकचकीत कीस टाकीवर सांडत होता आणि मी मोबाईलचा उजेड धरून उभा होतो. नवं लॉक बसवून झाल्यावर त्याने एक तार वाकवली, सीटच्या फटीतून आत सरकवली आणि केबल ओढली. टक् आवाज झाला, सीट उघडली. मिनिटभरही लागलं नाही. माझी चांगली चावी पिशवीत जशीच्या तशी होती, पण ती ज्या लॉकची, ते आता त्याच्या झोळीत होतं. फोनवर सांगितलेल्या रकमेच्या चौपट पैसे त्याने घेतले. जुनं लॉक मी मागितलं नाही, हे आजही सलतं.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या मेकॅनिकने गाडी पाहिली आणि सांगितलं, हिला चिपच नाही. चिपवाल्या गाडीत चावीतली चिप ओळखायला इग्निशन लॉकभोवती अँटेनाची कडी असते. नुसती घासलेली चावी तिथे लॉक फिरवते, पण इंजिन सुरू होत नाही. आणि प्रोग्रामिंग करायचं तर यंत्र जोडावं लागतं. माझ्या गाडीला त्या रात्री त्याने ड्रिल सोडून कुठलंच यंत्र लावलं नव्हतं. ड्रिलचीही गरज नव्हती. चांगला कारागीर कोरी चावी लॉकमध्ये घालून हलवतो, तिच्यावर उमटलेल्या खुणा बघून कानशीने घासतो आणि लॉक शाबूत ठेवून चावी बनवतो. असे प्रामाणिक कारागीर भरपूर आहेत. पण घाईतला, घाबरलेला गिऱ्हाईक दिसला की त्याचा फायदा घेणाराही एखादा भेटतोच.

म्हणून कळकळीने सांगतो, दुसरी चावी आजच शोधा आणि लॉकमध्ये फिरवून बघा. ती गाडीत नको, आणि पहिल्या चावीच्या रिंगमध्ये तर नकोच. घरी अशा जागी ठेवा की फोन केला तर कुणीही काढून आणून देईल. डुप्लिकेट करायची असेल तर या कमी वापरलेल्या चावीवरून करा, कारण झिजलेल्या चावीची नक्कल झिजेसकट होते. टॅग वेगळा जपा. त्यावरच्या नंबरावरून चावी बनवून घेता येते. चावीवाल्याला आधी विचारा, “लॉक न फोडता बनवाल का?” नाही म्हणाला तर दुसऱ्याला फोन करा.

माझ्या गाडीला आता 2 वेगळ्या चाव्या लागतात. नवी फक्त गाडी सुरू करते. पेट्रोल भरताना दर वेळी खिशातून ती जुनी काढावी लागते.