जुन्या माझदाचे डळमळते आयडलिंग आणि नऱ्ह्याचे एक गॅरेज

माझ्याकडे १९९२ सालची माझदा एमएक्स-५ आहे आणि तिचे आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असताना इंजिनाचे मंद चालणे, बिघडले होते. थोरले बंधू इंग्लंडातील नोकरी संपवून परतले तेव्हा ही दोन आसनी, उघड्या टपाची गाडी त्यांनी घरसामानाबरोबर आणली आणि गेली काही वर्षे ती माझ्या सांभाळात आहे. माझदाने भारतात मोटारी कधी अधिकृतपणे विकल्या नाहीत, त्यामुळे अधिकृत सर्व्हिस सेंटर हा पर्यायच नाही. पुण्याच्या नाना पेठेत ‘माझदाचा पार्ट’ मागितला तर दुकानदार आधी ट्रकचे मॉडेल विचारतो, कारण त्याच्या ओळखीचे नाव स्वराज माझदा हेच असते. अशा गाडीचे इंजिन बिघडले की ती कोणाच्या हाती द्यायची, हाच मोठा प्रश्न असतो. त्याचे उत्तर मला सिंहगड रस्त्यापासून आत, नऱ्ह्याच्या लहान कारखान्यांच्या गल्लीतील पत्र्याच्या शेडमध्ये मिळाले. त्या कामाचा हा अनुभव.

तक्रार साधी दिसत होती. सिग्नलला गाडी थांबली की आरपीएम (मिनिटाला इंजिनाचे फेरे) ८५० वर स्थिर राहण्याऐवजी ६०० पर्यंत खाली येई, स्टिअरिंग थरथरे आणि स्वारगेटच्या चौकात तर इंजिन दोनदा बंदच पडले. आधी मी ज्या गॅरेजमध्ये गेलो (त्याचे नाव येथे देत नाही) तेथे प्लग, प्लगच्या वायरी आणि पेट्रोल फिल्टर बदलण्यात आले, सर्व दोष इथॅनॉलमिश्रित पेट्रोलवर ढकलण्यात आला आणि शेवटी थ्रॉटल बॉडीवरचा (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या घरावरचा) आयडलचा स्क्रू फिरवून ‘स्लो वाढवून’ गाडी परत देण्यात आली. चौदा हजार रुपये गेले. इंजिन बंद पडणे थांबले खरे, पण त्याजागी नवेच दुखणे उभे राहिले: गरम इंजिनाचे आरपीएम १८०० पर्यंत चढायचे, धाडकन १००० च्या आसपास उतरायचे आणि पुन्हा चढायचे. मिस्त्री लोक याला ‘हंटिंग’ म्हणतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असाच तो प्रकार होता.

नऱ्ह्याच्या मिस्त्रींनी पहिल्या दिवशी एकही भाग बदलला नाही. “साहेब, आधी हा स्क्रू होता तिथे नेऊन बसवतो. आजार झाकून ठेवला तर मला दिसणार कसा?” एवढे बोलून त्यांनी बॉनेटखालच्या डायग्नोसिस बॉक्सचे झाकण उघडले. या गाडीच्या काळात आजच्यासारखे स्कॅनर लावण्याचे सॉकेट नव्हते, आणि अनेक गॅरेजवाल्यांचे हात तेथेच थांबतात. येथे मात्र टेस्ट लॅम्प जोडून, त्याच्या लुकलुकण्यावरून इंजिनाच्या संगणकाने साठवलेले बिघाडाचे कोड वाचण्यात आले. कोड एकही नव्हता. त्याच बॉक्समधील टीईएन आणि जीएनडी ही दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडली की संगणक आयडलमध्ये आपली ढवळाढवळ थांबवतो, आणि मगच, इंजिन पूर्ण गरम व दिवे-पंखे बंद असताना, स्क्रूने ८५० आरपीएम आणि टायमिंग लाइट लावून १० अंशांचे इग्निशन टायमिंग (प्लगची ठिणगी पडण्याची वेळ) पाहायचे असते. आधीच्या ठिकाणी ही तार न जोडताच स्क्रू फिरवला गेला होता, म्हणजे एकीकडे माणूस आणि दुसरीकडे संगणक अशी रस्सीखेच चालली होती.

स्क्रू मूळ जागी येताच हंटिंग थांबले आणि पहिले दुखणे उघडे पडले. यानंतरचे काम मला सर्वांत मोलाचे वाटले. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, घेतले; ते एकमेकांच्या अगदी जवळ आले, तेव्हा इंजिन आतून निरोगी होते. मग इनटेक मॅनिफोल्डला (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांना) हवेची ओढ मोजणारे व्हॅक्यूम गेज लावले. समुद्रसपाटीवर धडधाकट इंजिन आयडलला साधारण १८ ते २२ इंच पारा (हे त्या ओढीचे माप) दाखवते, परंतु पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे त्यातून जवळजवळ दोन इंच वजा धरावे लागतात, हे मिस्त्रींना विचारावे लागले नाही. त्यांनी आपणहून सांगितले. आमचा काटा १३ आणि १५ च्या मध्ये झुलत होता. कुठून तरी इंजिन न मोजलेली हवा खेचत होते.

या मॉडेलमध्ये हवा मोजणारे यंत्र एअर फिल्टरला लागून असते. आत येणारी हवा त्यातील झडप ढकलते आणि झडप किती उघडली त्यावरून संगणक पेट्रोल ठरवतो. त्यामुळे त्या यंत्राच्या पुढे कुठेही फट पडली, तर तेथून शिरलेल्या हवेच्या वाट्याचे पेट्रोल मिळतच नाही, मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होते आणि इंजिनाचा श्वास अडखळतो. ऑइल भरण्याच्या झाकणाचा किंवा डिपस्टिकचा (ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीचा) वायसर ढिला असला तरीही हेच घडते, कारण क्रँककेसमधील (इंजिनाच्या तळाच्या पेटीतील) वाफा पीसीव्ही या एकमार्गी व्हॉल्व्हमधून मॅनिफोल्डकडेच जातात. दोन्ही वायसर तपासले गेले. झाकणाचा कडक झाला होता, तो बदलला. तरीही फरक थोडाच पडला.

मग स्मोक टेस्ट झाली. इंजिन बंद ठेवून, हवेच्या वाटेचे तोंड बुजवून, आत अगदी कमी दाबाने पांढरा धूर सोडला आणि मिस्त्री टॉर्च घेऊन वाकून बसले. दोन मिनिटांनी हवा मोजणारे यंत्र आणि थ्रॉटल यांच्यामधील रबरी नळीच्या खालच्या बाजूने, वळ्यांच्या मधून, उदबत्तीसारखी धुराची रेघ निघाली. वरून पाहणाऱ्याला ही चीर दिसणे शक्यच नव्हते. इंजिन माउंटिंगवर हलले की ती उघडे, थांबले की मिटे. मिस्त्रींनी लगेच नवा भाग मागवायला सांगितले नाही. त्यांनी चिरेवर सिलिकॉनची पट्टी घट्ट गुंडाळली, इंजिन सुरू केले आणि गेज माझ्याकडे वळवले: १७ वर काटा स्थिर. निदान सिद्ध झाल्यावरच खर्चाचा विषय निघाला.

हंटिंगचे कोडेही त्यांनी तेव्हाच उलगडून दाखवले. चिरेमुळे लीन झालेले इंजिन तगवण्यासाठी स्क्रूमधून जास्त हवा सोडली गेली. गरम झाल्यावर आरपीएम मर्यादेबाहेर चढले. पाय ॲक्सिलरेटरवर नसताना एवढे आरपीएम म्हणजे गाडी उतारावर आहे, असे समजून संगणकाने पेट्रोल तोडले. आरपीएम पडताच पुन्हा दिले. पेट्रोलवरचा आरोप मात्र त्यांनी पूर्णपणे फेटाळला नाही. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर २० टक्के इथॅनॉल असलेल्या पेट्रोलला साधारण १३.५, म्हणजे आधीच लीन असलेले मिश्रण त्याने आणखी लीन केले, एवढाच त्याचा वाटा.

रबरी नळी भाच्याने इंग्लंडातून पाठवली. तिला तीन आठवडे लागले आणि तेवढे दिवस गाडी गॅरेजच्या दारात धूळ खात उभी होती, हे मला रुचले नाही. साधे कापडी कव्हर घालता आले असते. निदानाचे अडीच हजार, बाकी मजुरी आणि वायसर धरून एकूण सहा हजार चारशे रुपये झाले. निदानाचे पैसे वेगळे लावणे मला योग्य वाटते, कारण खरे काम तेच होते. पण बिलावर ‘इंजिन काम’ एवढेच दोन शब्द आहेत. गेजचे आकडे मीच माझ्या वहीत उतरवून घेतले. ते त्यांनी लिहून द्यायला हवे होते.

गाडी घेऊन आल्याला आता चार महिने झाले. थंड इंजिन सकाळी थोडे वरच्या आरपीएमवर सुरू होते आणि गरम झाल्यावर ८५० वर येऊन राहते; एसी लावताच क्षणभर खाली वाकते व सावरते. ज्यांना जायचे असेल त्यांनी आधी दूरध्वनी करून वेळ घ्यावी, गाडी थंड अवस्थेतच द्यावी आणि गुरुवारी जाऊ नये. त्या दिवशी शेड बंद असते.